पहा : हॉलंड

"आलं का हॉलंड?" मी विचारलं.

"हॉलंड नाही आणलं," कुलथेसाहेब म्हणाले. जिना चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. काखेतलं जाडजूड बाड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली, आणि श्वास जागेवर आल्यावर पुढचं बोलले, "नेदरलँड्स आणलंय."

"बरं. मग हॉलंड कधी आणणार?"

"दाणी, थट्टा पुरे. शीर्षक बघा. आणि पोच देताना तेच लिहा."

पोच मी आधीच लिहून ठेवली होती. 'हॉलंड' खोडून 'नेदरलँड्स' केलं आणि सही ठोकून त्यांच्या हातात दिली. एका देशाचं नाव बदलायला मला तेव्हा एवढाच वेळ लागला. पुढे त्याच कामात आमच्या मंडळाचा अख्खा उन्हाळा गेला.

मंडळ म्हणजे सर्वविद्या कोश मंडळ. संगमनेरात एका बंद पडलेल्या विडी कारखान्यात आमची कचेरी होती. जगातल्या यच्चयावत विद्या मराठीत आणायच्या, अ पासून ज्ञ पर्यंत ओळीनं छापायच्या, असा संकल्प. संकल्प सोडला तेव्हा सगळे तरुण होते. मी नोकरीला लागलो तेव्हा 'क' चालू होता, आणि ही गोष्ट घडली त्या वेळी, म्हणजे ऐंशी सालच्या सुमाराला, आम्ही धापा टाकत 'न' ला पोचलो होतो. छापून आलेले खंड तळमजल्यावर ठेवत, त्यामुळे आमच्या ज्ञानाला कायम तंबाखूचा वास यायचा. वर्गणीदार तक्रारी करत. काही जण त्या वासासाठीच वर्गणी भरत असावेत असाही मला संशय होता.

कोश वर्णमालेच्या क्रमानं निघतो ही गोष्ट बाहेरच्या माणसाला साधी वाटते. लेख लिहिणाऱ्याला ती आयुर्मानाची गोष्ट असते. 'अ' वाला तरुणपणी छापून येतो आणि सासुरवाडीला खंड घेऊन जातो. 'स' वाल्यानं मुलांना सांगून ठेवावं लागतं. त्यामुळे आमचे लेखक देशांची नावं वर्णमाला समोर ठेवून ठरवत. रशियावर लिहिणारे प्राध्यापक 'रशिया' सोडायला तयार नव्हते, कारण सोव्हिएत संघ म्हटलं की गेले 'स' मध्ये. सयामवर लिहिणाऱ्यांना एकाएकी साक्षात्कार झाला की 'थायलंड' हेच खरं. श्रीलंकेवाल्यांनी सिलोन करून पाहिलं, पण श काय नि स काय, शेजारी शेजारी. ते गृहस्थ वाट बघूनच वारले.

कुलथेसाहेब पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. सगळी नोकरी प्रवरेच्या कालव्यांवर. पंचावन्न साली सरकारनं त्यांना डेल्फ्ट नावाच्या गावी पाठवलं होतं, पाणी अडवायचं कसं आणि काढून टाकायचं कसं हे शिकायला. त्या देशात प्रत्यक्ष पाय ठेवलेला आमच्या ओळखीतला हा एकच माणूस, म्हणून लेख त्यांच्याकडे. आदल्या दिवाळीत त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. त्यामुळे ते 'न' साठी का अडून बसलेत हे कचेरीत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. 'न' चा खंड पुढच्या वर्षी निघणार होता. 'ह' आमच्या चालीनं पंचवीसेक वर्षांनी.

माणसाला आपलं लिहिलेलं छापलेलं बघायचं असतं. आमची हरकत नव्हती. मी बाड घेऊन गुजराथीबाईंकडे गेलो. वत्सला गुजराथी आमच्या नोंदविभागाच्या. कोशात जागोजाग 'पहा : अमुक', 'पहा : तमुक' असं छापलेलं असतं ना, त्या प्रत्येक 'पहा' चं कार्ड त्यांच्या खणांत असे.

"बाई, कुलथ्यांचं नेदरलँड्स 'न' मध्ये बसवू या."

त्यांनी मान वर न करता एक खण ओढला, कार्ड काढलं आणि वाचलं, "'डच लोक.' खंड सहा. 'पहा : हॉलंड.'"

"छापलंय?"

"छापलंय, बांधलंय, विकलंय."

"विकलंय म्हणजे किती?"

"ते सरांना विचारा. मला सकाळी सकाळी हसवू नका."

तिथेच गाडं अडलं.

सर म्हणजे डॉ. निजामपूरकर, आमचे प्रधान संपादक. उंच, वाळलेले, खांद्यावरून सदरा नेहमी घसरायच्या बेतात. त्यांना फारसे अभिमान उरलेले नव्हते, पण एक होता. आमच्या सहा खंडांपैकी एकालाही शुद्धिपत्र नव्हतं. अमक्या पानावर अमुक छापलंय त्याऐवजी तमुक वाचावे, असा कागद इतर कोशवाले पुस्तकाच्या शेवटी चिकटवतात, तो आम्ही कधीच चिकटवला नाही. चुका होत्याच. आम्ही त्या कबूल केल्या नव्हत्या, इतकंच. आणि 'पहा' च्या बाबतीत तर सर फारच कडक. "'पहा' म्हणजे वाचकाला दिलेला शब्द," असं ते म्हणत. "तो फिरवायचा नाही."

नामनिश्चिती समितीची बैठक भरली. समिती म्हणजे सर आणि प्राध्यापक हुपरीकर. मी टिपणं घ्यायला. कुलथेसाहेबांना बाजू मांडायला बोलावलं होतं. ते इस्त्रीचा कोट घालून आले, ऐन एप्रिलात.

"प्रश्न साधा आहे," हुपरीकर म्हणाले. प्रश्न साधा असला की ते फार वेळ बोलत. "लोक काय म्हणतात? मागे वर्ल्ड कप हॉकीची फायनल आपण हरलो. कुणाकडून? हॉलंडकडून. आमचे वडील त्या दिवशी जेवले नाहीत. नेदरलँड्सकडून हरलो म्हणून कुणी उपाशी राहिल्याचं ऐकलंय तुम्ही?"

"लोक चुकीचं म्हणतात," कुलथेसाहेब म्हणाले. "त्या देशात अकरा प्रांत आहेत. उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे त्यातले दोन. उरलेल्यांनी काय करायचं?"

"ते त्यांचं ते बघतील. आपला वाचक मराठी आहे."

"उद्या संगमनेरच्या माणसाला कुणी पुणेकर म्हटलं तर चालेल?"

"बऱ्याच जणांना बरं वाटेल," सर म्हणाले. सर विनोद करत नसत. ते नुसते थकलेले होते.

हुपरीकर पुढे सरसावले. "अहो, ती माणसं स्वतः काय म्हणतात? त्यांच्या फुटबॉलच्या मॅचला 'हॉलंड, हॉलंड' असाच गजर चालतो. मी रेडिओवर कानांनी ऐकलाय."

"ओरडताना माणूस आखूड नाव घेतो, प्रोफेसर. तुम्हाला घरी बाळू म्हणतात म्हणून कोशात बाळू छापायचं का?"

हुपरीकरांना घरी खरोखरच बाळू म्हणत. कुलथेसाहेबांनी आपला अंदाजानं दगड मारला होता, पण हुपरीकर ओशाळले, आणि ओशाळलेला विद्वान दुप्पट अडतो.

"ठीक आहे. काटेकोर जायचं म्हणता ना? मग नेदरलँड्स तरी कुठे पुरतं बरोबर आहे? तिकडे वेस्ट इंडीजच्या बाजूला त्यांची काही बेटं आहेत. ती धरून झालं 'नेदरलँड्सचं राज्य'. नेदरलँड्स हा त्या राज्याचा युरोपातला तुकडा. तुमचंही नाव तोकडंच पडतंय."

"तोकडं पडत असेल," कुलथेसाहेब म्हणाले. "पण त्यातून आपला शेजारी बाहेर पडत नाही."

हे वाक्य मी टिपून घेतलं, पण अर्थ मला लागला नाही. सरांनी डोळे मिटले होते. झोप लागली की काय असं वाटेपर्यंत ते मिटलेलेच राहिले.

"कुलथेसाहेब," ते म्हणाले, "नाव नेदरलँड्सच. त्यात मला शंका नाही. पण सहाव्या खंडात आपण वाचकाला 'पहा : हॉलंड' म्हणून सांगून बसलोय. तो बिचारा 'ह' ची वाट बघत बसला असेल. तिथे आल्यावर त्याला काय दाखवायचं?"

"'पहा : नेदरलँड्स' असं छापा."

"म्हणजे इतकी वर्षं थांबवून त्याला परत 'न' कडे धाडायचं. आपला वाचक वयस्कर असतो हो."

"मग 'न' च्या खंडाला शुद्धिपत्र जोडा. 'डच लोक' मध्ये हॉलंडऐवजी नेदरलँड्स वाचावे. एक ओळ."

खाली हमाल खंडांचे गठ्ठे हलवत होते, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"शुद्धिपत्र आपण देत नाही," सर म्हणाले.

ठराव मीच लिहिला. 'न' च्या खंडात एक ओळ येईल, 'नेदरलँड्स – पहा : हॉलंड'. मूळ लेख हॉलंड या शीर्षकाखाली 'ह' च्या कपाटात राहील. त्या कपाटात हत्ती, हवामान आणि हिवताप आधीपासून पडून होते. हत्तीवरचे लेखक जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कुलथेसाहेबांनी ठराव वाचला. भांडले नाहीत. "बरंय," म्हणाले, आणि कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरले. मधल्या वळणावर जरा टेकले. मी वरून पाहत होतो. ते निघून गेल्यावर सरांनी पंखा वाढवायला सांगितला. तो आधीच पाचावर होता.

पुढचे काही दिवस 'न' ची प्रुफं येत राहिली. नदी गेली, नाडीपरीक्षा गेली, नारळ गेला. एका दुपारी सरांनी मला बोलावलं.

"कुलथ्यांची तब्येत कशी आहे?"

"काकू भेटल्या होत्या मंडईत. ते घराबाहेर पडत नाहीत म्हणाल्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. "वर्गणीदार वाढवायला आपण नमुना पुस्तिका काढतो ना, यंदा त्यांचा लेख काढू. पुरता, नकाशासकट. महिन्याभरात त्यांच्या हातात पडेल. फक्त नाव ठरावाप्रमाणे. हॉलंड. पुस्तिकेत एक आणि कोशात एक, असं नको."

"छान होईल. मी जाऊन सांगतो."

"मीही येतो. एवढं तरी आपण करू शकतो." मग जरा थांबून म्हणाले, "बहुतेक एवढंच करू शकतो."

कुलथेसाहेबांचं घर कालव्याकाठी होतं. ते ओसरीवर आरामखुर्चीत बसले होते, अंगात बनियन, पायाशी पाण्याचा तांब्या. सरांना बघून उठायला लागले.

"बसा, बसा," सर म्हणाले. "आम्हीच टेकायला आलोय."

काकूंनी चहा टाकला. सरांनी पुस्तिकेचं सांगितलं. कुलथेसाहेबांचा चेहरा एकदम उजळला. "महिन्याभरात? आणि नकाशाही?"

"नकाशाही. छपाईचा ब्लॉक करायला आजच पाठवतो."

"वरती नाव काय?"

सर चहाकडे बघत म्हणाले, "हॉलंड."

"मग नको," कुलथेसाहेब म्हणाले, आणि पुन्हा मागे रेलले.

सर फारसे चिडत नसत. त्याला लागणारी ताकद ते प्रुफांसाठी राखून ठेवत. त्या दिवशी मात्र त्यांचा आवाज किंचित चढला. "कुलथेसाहेब, स्पष्ट बोलतो. तुमची प्रकृती ही अशी. 'ह' बघायला मीही नसेन, हे दाणी तरुण आहेत पण यांचीही मला खात्री नाही. तुमचा लेख तुमच्या डोळ्यांदेखत छापायचा हा एकच मार्ग आहे. एका नावासाठी हट्ट कशाला?"

"हे नाही सांगायचे," काकू दारातून म्हणाल्या. "मी सांगते."

"तू नको बोलूस."

"का नको? पंचवीस वर्षं दर नाताळाला त्या बाईचं कार्ड येतंय. पोस्टमन माझ्याच हातात देतो."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"तसलं काही नाही हो सर," काकू हसून म्हणाल्या. "घरमालकीण होती यांची. यांच्या आईच्या वयाची."

"आईच्या नव्हे, मावशीच्या," कुलथेसाहेब म्हणाले. थोडा वेळ ते तांब्याशी चाळा करत राहिले. मग म्हणाले, "सर, घाई मला नाही. तिला आहे."

आणि त्यांनी सांगितलं. बाईंचं नाव नेल्त्ये. हे आपले नेलबाई म्हणत. डेल्फ्टमध्ये बहिणीच्या घरी राहून विद्यार्थ्यांना खोल्या भाड्यानं द्यायची. मूळची तिकडची नव्हे. तिचं गाव थोलेन नावाच्या बेटावर, झेलंड प्रांतात. त्रेपन्न साली समुद्र बांध फोडून आत आला, त्यात तिचा नवरा आणि मुलगा गेले.

"मी पहिल्याच दिवशी तिला खूश करायला म्हणालो, तुमचा हॉलंड फार सुंदर आहे. तिनं माझ्या पुढ्यातला कप उचलून आत नेला."

"चहाचा?"

"भरलेला. परत आली आणि म्हणाली, त्या रात्री हॉलंडात माणसं अंथरुणात होती. आम्ही झेलंडची. आम्ही छपरांवर होतो. नेदरलँड्स म्हण. त्यात ते पण येतात आणि आम्ही पण येतो." कुलथेसाहेबांनी तांब्यातलं घोटभर पाणी घेतलं. "सगळे हॉलंडवाले झोपले होते असं काही नाही, तिथेही पुष्कळ माणसं बुडाली. पण ते तिला कोण सांगणार? निघताना तिनं मला एवढंच मागितलं. तुझ्या देशात गेल्यावर आमच्याबद्दल कुणाला सांगशील तेव्हा नाव नीट सांग. मी म्हटलं, सांगेन. बोलून तर सांगत आलोच, कुणी ऐकत नाही ते सोडा. मग तुमचं पत्र आलं की लेख लिहा. मी तिला कळवलं, आता आमच्या भाषेच्या कोशात छापून येणार. ती आता थोलेनला परत गेलीय. ऐंशीच्या घरात आहे. गेल्या कार्डात विचारलंय, झालं का तुझं पुस्तक."

कालव्याला पाणी सुटलेलं होतं. मला त्या वयात शांतता सहन होत नसे, आणि आपण हुशार आहोत असंही वाटत असे.

"साहेब, राग मानू नका," मी म्हणालो. "त्या बाईंना मराठी वाचता येतं का?"

"छे!"

"मग झालं तर. पुस्तिकेवर हॉलंड असलं काय नि हळदीकुंकू असलं काय, त्यांना सारखंच. तुम्ही पाठवून द्या, खाली चिठ्ठी लिहा की बघा, तुमचं नाव छापलं. कळणार कसं?"

सरांनीही मान डोलावली. खरं सांगायचं तर बैठकीत निघाला नव्हता इतका सोपा तोडगा मी ओसरीवर काढला होता.

"नाही कळणार," कुलथेसाहेब म्हणाले. "तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. म्हणून तर नको."

काकूंनी कपबश्या उचलल्या. सरांच्या बशीत चहा उरला होता, तो त्यांनी परत मागून घेतला आणि सावकाश संपवला.

परतताना कालव्याच्या कडेकडेनं आम्ही चालत होतो. सर एकदाच बोलले. "दाणी, चहात साखर जास्त होती." मी हो म्हणालो. साखर बेताची होती.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडल्या उघडल्या ते गुजराथीबाईंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. एरवी ते बोलावून घेत.

"बाई, शुद्धिपत्र कसं मांडतात?"

"माहीत नाही सर. आपण कधी मांडलं नाही."

"मांडा. 'खंड सहा. डच लोक. पहा : हॉलंड याऐवजी पहा : नेदरलँड्स असे वाचावे.'"

बाईंनी लिहून घेतलं. "एवढंच?"

"एवढंच."

"खाली कुणाचं नाव? चूक नोंदविभागाची आहे, सर. कार्ड माझ्या आधीच्या बाईंनी केलंय."

"खाली प्रधान संपादक लिहा," सर म्हणाले. "आणि कुलथ्यांचं बाड 'ह' च्या कपाटातून काढा. खालच्या कप्प्यात आहे, हिवतापाच्या पाठीमागे."

हुपरीकरांनी राजीनामा दिला. कोशाचा पायाच डळमळला असं त्यात लिहिलं होतं. थोड्या दिवसांनी ते परत यायला लागले, कारण गावात सगळी वर्तमानपत्रं फुकट वाचायला मिळतील अशी दुसरी जागा नव्हती.

'न' चा खंड निघाला. 'नेदरलँड्स' या नावाची आम्ही अशी खातरजमा केली की काय सांगू! मी पाहिलं, बाईंनी पाहिलं, सरांनी दोनदा, कुलथेसाहेबांनी भिंग लावून, आणि शेवटी हुपरीकरांनी, चूक सापडेल या आशेनं. एक काना इकडचा तिकडे नव्हता. कुलथेसाहेबांनी एक खंड विकत घेतला, आम्ही फुकट देत असतानाही, आणि बोटीच्या टपालानं थोलेनला धाडून दिला.

मग बरेच महिने काही आलं नाही. आमचा 'प' सुरू झाला. कुलथेसाहेब अधूनमधून कचेरीत येत, जिन्यात दोनदा टेकत, टपालाची चौकशी करत. त्यांचं टपाल त्यांच्या घरी येत असे, तरी आमच्याकडे चौकशी करत.

एके दिवशी ते आले तेव्हा हातात पाकीट होतं. सरांच्या खोलीत गेले, मलाही हाक मारली. "आलं उत्तर," म्हणाले. चेहऱ्यावरून काही कळेना.

"वाचा ना," सर म्हणाले.

त्यांनी ते तिकडच्या भाषेतलं पत्र समोर धरून मराठीत सांगायला सुरुवात केली. "'प्रिय कुलथे, पुस्तक पोचलं. फार जड आहे. पोस्टमन म्हणाला, विटा मागवल्यात का. तुमची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. आमचं नाव कुठलं ते तू खूण करून दाखवलंस. मला वाचता येत नाही, पण तू सांगतोस म्हणजे बरोबर असणार.'"

"वा!" सर म्हणाले. त्यांचा घसरलेला सदरा त्यांनी सावरला.

"पुढे आहे. 'नकाशा मात्र मला वाचता येतो. मी भाचीला भिंग आणायला लावलं. कुलथे, माझं बेट कुठे आहे? नुसतं थोलेनच नाही, शेजारची पण नाहीत. सगळीकडे समुद्र काढलाय. पूर आला तेव्हासुद्धा इतकं गेलं नव्हतं.'"

मी धावत जाऊन खंड आणला. सरांनी पान काढलं. देशाचं नाव मोठ्या ठळक अक्षरांत होतं, बिनचूक. आणि खाली डाव्या कोपऱ्यात, जिथे झेलंड असायला हवं होतं, तिथे स्वच्छ निळं पाणी.

नाव पाच जणांनी तपासलं होतं. नकाशा कुणीच पाहिला नव्हता. नकाशात वाचायला काय असतं?

ब्लॉक करणाऱ्याला फोन लावला. तो पुण्याचा, फार नेमका माणूस. म्हणाला, "हो, त्या निगेटिव्हवर कोपऱ्यात बारीक बारीक डाग पडले होते. मी सगळे साफ केले. जादा चार्ज लावला नाही."

पाकिटातून कुलथेसाहेबांनी आणखी एक कागद काढला आणि टेबलावर पसरला. आमच्याच खंडातलं नकाशाचं पान. बाईंनी ते फाडून परत पाठवलं होतं. निळ्या पाण्यात बॉलपेननं, थरथरत्या रेघेनं, एक बेट काढलं होतं. शेजारी आणखी दोन-तीन. मधल्या बेटावर एक फुली.

सर ते पान किती तरी वेळ बघत होते. मला वाटलं, आता दुसरं शुद्धिपत्र. पण बेट शुद्धिपत्रात कसं मांडणार? 'पाण्याऐवजी जमीन वाचावी'?

"दाणी," ते म्हणाले, "खाली गोदामात 'न' च्या प्रती किती असतील?"

"जवळपास सगळ्याच, सर."

"वर मागवा."

तो दिवस आम्ही गठ्ठे सोडण्यात घालवला आणि दुसऱ्या दिवसापासून बेटं काढायला बसलो. कुलथेसाहेब मधोमध, नेलबाईंचं पान समोर उभं करून. त्यांनी आम्हाला पद्धत घालून दिली. "आधी बांध ओढा. सलग ओढा, मध्ये पेन उचलू नका, तिथूनच पाणी शिरतं. मग आत जमीन भरा." सर काळ्या शाईच्या पेननं काढत, नाक पानाला टेकेल इतकं वाकून. गुजराथीबाईंची बेटं सगळ्यात सुबक. हुपरीकर वर्तमानपत्र वाचायला आले होते, थोडा वेळ बघत उभे राहिले, आणि मग, "थोलेन जरा पूर्वेला हवं," असं म्हणून त्यांनीही एक पेन उचललं. कुलथेसाहेब प्रत्येक पान हातात घेऊन तपासत होते, आणि बांध कच्चा वाटला की परत करत होते. पहिलं पान त्यांनी त्याच दिवशी नेलबाईंच्या पत्त्यावर टपालात टाकलं.

कित्येक दिवस चाललं ते. 'प' तेवढा मागे पडला. एरवीही तो पडलाच असता. 'म' च्या अर्ध्यावर अनुदान बंद झालं आणि आमच्या कोशात 'ह' कधी आलाच नाही.

गोदामातली शेवटची प्रत झाली तेव्हा सरांनी बोटं मोडली आणि विकल्या गेलेल्या प्रतींचं काय करायचं, असं विचारलं. गुजराथीबाईंनी वर्गणीदारांचे पत्ते काढून दिले. आम्ही प्रत्येकाला पत्र लिहिलं, की अमक्या पानावर अमक्या जागी कृपया एक बेट काढून घ्यावे, नमुना सोबत जोडला आहे.

एकाचंही उत्तर आलं नाही. त्या घरांतून थोलेन अजून पाण्याखालीच असणार.